तुटक्या माळा

3 फेब्रुवारी 2024, शनिवार. लीड्स

सकाळी बसने ओटलीला गेले. बाजाराचा दिवस होता, पण वारं असं बोचरं की चौकात कुणी रेंगाळत नव्हतं. धर्मादाय दुकानं मात्र उबदार होती. इंग्लंडात ही दुकानं गावोगाव आहेत. लोक घरातल्या नको असलेल्या वस्तू आणून देतात, काउंटरवर बहुधा निवृत्त मंडळी बिनपगारी बसतात आणि विक्रीचा पैसा संस्थेच्या कामाला जातो. कुणाची आजी वारली की तिचं कपाट पिशव्यांत भरून इथेच येतं, आणि त्या कपाटात दागिन्यांचा डबा असतोच.

दागिन्यांची वाटणी ठरलेली. नीटस आणि जोडीचं ते गल्ल्यामागच्या कुलपाच्या कपाटात. तुटलेलं, सुटं, जोडीदार हरवलेलं ते एका पारदर्शक पिशवीत भरून तोंडाला चिकटपट्टी. मी आधी पिशव्या बघते. कपाटातल्या वस्तूला गिऱ्हाईक मिळतंच, पिशवीतलीला कुणी वाली नसतो.

पिशवी उघडता येत नाही, म्हणून बाहेरूनच अंदाज घ्यायचा. प्लास्टिकचे मणी हलके असतात आणि हाताला उबदार लागतात. काच जड आणि थंड. हलवली की आवाजातही कळतं, प्लास्टिक खुळखुळतं आणि काच किणकिणते. आजची पिशवी आकाराच्या मानाने चांगलीच जड होती. चार पौंडांना घेतली.

रात्री स्टीलच्या ताटात पांढरा नॅपकिन अंथरून सगळं ओतलं. एक पांढरी, पैलूदार मण्यांची माळ, मधेच तुटलेली. दुसरी इंद्रधनुषी झाक असलेली, तिचा दोरा काळा पडून कुजलेला. निळ्या खड्यांचा ब्रोच, तीन खडे गायब. एकच क्लिपचं कर्णफूल. आणि तळाशी माळ अडकवायचा एक सुटा पितळी फासा. त्याच्या जिभेवर भिंगाखाली अक्षरं दिसली: चेकोस्लोव्हाकिया. हा देश 1918 साली जन्मला आणि 1992 सरताना नकाशावरून गेला. त्यामुळे शिक्का वाचला की वस्तूचा काळ निदान दोन टोकांत बांधता येतो. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर 1949 ते 1990. जुन्या काचेच्या दागिन्यांवर एवढाही पुरावा क्वचित मिळतो.

4 फेब्रुवारी, रविवार

दिवसभर सफाई.

मणी धुणं सोपं. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, लहान मुलांचा दात घासायचा मऊ ब्रश. भोकातला जुना मळ मात्र सुईने खरवडून काढावा लागतो. झाक असलेल्या मण्यांना ब्रश लावायचा नाही. ती झाक म्हणजे निर्वात पेटीत काचेवर चढवलेला धातूचा अतिशय पातळ थर. प्रकाश त्यावरून परतताना साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग उमटतात. ‘अरोरा बोरिअॅलिस’ या नावाने स्वारोव्स्कीने ती 1956 मध्ये ख्रिस्तियान दिओर यांच्यासाठी आणली, आणि पुढची काही वर्षं युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या गळ्यात तीच होती. म्हणजे ही झाक दिसली की माळ बहुधा 1956 च्या आधीची नसते. माझ्या माळेतल्या मण्यांच्या कडांवर ती झिजून साधी काच उघडी पडली आहे. मण्याला मणी वर्षानुवर्षं घासल्याची ही खूण. ती मला आवडते. वस्तू पेटीत पडून राहिलेली नाही, कुणीतरी ती भरपूर वापरली आहे.

ब्रोचची गोष्ट वेगळी. त्याचे खडे मागून बंद कोंदणात आहेत. काचेच्या पाठीला चंदेरी वर्ख असतो, त्यावरून प्रकाश उलटून पुढे येतो आणि खडा हिऱ्यासारखा लखलखतो. हे तंत्र अठराव्या शतकात पॅरिसमध्ये स्ट्रास नावाच्या जवाहिऱ्याने लोकप्रिय केलं. युरोपातल्या कितीतरी भाषांत अशा खड्यांना आजही त्याच्याच नावाने ओळखतात. पण कोंदणात पाणी शिरलं की वर्ख काळा-पिवळा पडतो आणि खडा मरतो. त्यामुळे असा दागिना पाण्यात कधीच बुडवायचा नाही. कानकोरणीचा कापूस जेमतेम ओला करून एकेक खडा पुसायचा, आणि लगेच दागिना उलटा, खडे खाली करून ठेवायचा, म्हणजे ओल मागे उतरत नाही. कोंदणाच्या कडेला हिरवी बुरशी दिसते ती तांब्याचा गंज. ती लाकडी दातकोरणीने काढते. लोखंडी टोकाने मुलामा निघतो.

7 फेब्रुवारी, बुधवार

कामावरून आल्यावर नुसती माळ हातात घेऊन बसले.

बोहेमियाच्या उत्तरेला, इझेरा डोंगरांच्या पायथ्याशी याब्लोनेत्स नावाचं गाव आहे. जर्मन लोक त्याला गाब्लोन्झ म्हणत. पांढऱ्या माळेचा उगम मला तिथेच वाटतो. तिथे काचेच्या सळया तापवून चिमट्यासारख्या साच्यात दाबत आणि कच्चा मणी काढत. मग तो ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकांवर पैलू पाडायला जाई, तिथून ओवायला बायकांच्या घरी. साचेवाला, पैलूवाला, ओवणारी, पितळ घडवणारा अशी घराघरांत वाटलेली कामं. व्यापारी माल गोळा करून जगभर पाठवत. दानिएल स्वारोव्स्की याच मुलखात 1862 मध्ये जन्मले, पैलू पाडणाऱ्याच्या घरात. 1892 मध्ये त्यांनी खड्यांना पैलू पाडणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि 1895 मध्ये ऑस्ट्रियातल्या वाटेन्सला गेले. तिथे नदीच्या पाण्यावर वीज मिळत होती, आणि गाब्लोन्झच्या प्रतिस्पर्ध्यांपासून लांबही होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या जर्मनांना देशाबाहेर घालवलं. गाब्लोन्झचे बरेच कारागीर बव्हेरियात काउफबॉयरनजवळ, उद्ध्वस्त झालेल्या स्फोटकांच्या कारखान्याच्या जागेवर जमले आणि पुन्हा मणी करू लागले. त्या वस्तीचं नाव नॉयगाब्लोन्झ, म्हणजे नवं गाब्लोन्झ. एकाच घराण्याचं कसब आधी ‘चेकोस्लोव्हाकिया’ या शिक्क्याखाली आणि नंतर ‘वेस्ट जर्मनी’ या शिक्क्याखाली सापडतं, ते यामुळे. पिशवीतल्या सुट्या फाशावर कुणाचं घर सुटल्याचा इतिहास असू शकतो, हे कळल्यापासून मी फासे फेकत नाही. माळेला नवा लावला तरी जुना चिठ्ठी बांधून डबीत ठेवते.

11 फेब्रुवारी, रविवार

तळेगावहून आत्याचा फोन. मी कॅमेऱ्यासमोर माळ धरली.

“छान आहे गं. पण खोट्याला एवढं जपतेस?”

म्हटलं, “आत्या, सोन्याला सगळेच जपतात. सोनं मोडलं तरी आटवून त्याचं सोनंच राहतं. या मण्याचा पैलू गेला की गेला. तो ज्याने पाडला त्याचा हात परत मिळायचा नाही.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आपल्या गावात काचेचंच राजकारण झालं की. पैसा फंड.”

तिचं खरं आहे. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातल्या बायकांच्या हातातल्या काचेच्या बांगड्यांचा मोठा वाटा ऑस्ट्रिया-हंगेरीतून येई, आणि त्यातल्या कितीतरी याच गाब्लोन्झच्या. आपल्याकडच्या आवडीचे रंग आणि मापं बघून तिथे बांगड्या घडत. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करायची कल्पना मांडली, टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या पैशातून 1908 मध्ये तळेगावला पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. ईश्वरदास वार्ष्णेय परदेशात काचकाम शिकून आले होते, सुरुवातीला तेच तिथे होते. परदेशी काच नको म्हणून ज्या गावाने पै-पै जमवली, त्या गावची मी, इथे बसून त्याच परदेशी काचेची डागडुजी करते आहे. मला यात विसंगती वाटत नाही. कारखाना काढणाऱ्यांचा राग काचेवर नव्हता, आपल्या लोकांचं काम जात होतं यावर होता. गाब्लोन्झच्या घराघरांत मणी ओवणारी बाई आणि तळेगावच्या भट्टीपुढचा कामगार दोघंही काचेवरच पोट भरत होते.

आत्याने शेवटी सांगितलं की वाड्यातल्या जुन्या झुंबराचे लोलक तिच्याकडे एका डब्यात पडून आहेत. झुंबर केव्हाच मोडीत गेलं.

17 फेब्रुवारी, शनिवार

आज इल्कलीच्या धर्मादाय दुकानात गेले. कपाटात एक जांभळट माळ होती, एकेक मणी तारेच्या कडीने दुसऱ्यात अडकवलेला. खिडकीपाशी नेली तेव्हा निखळ जांभळी. दुकानाच्या आतल्या बाजूला ट्यूबलाइटखाली धरली आणि ती निळसर राखी झाली. काउंटरवरच्या बाईंनी ते पाहिलं आणि मलाच पुन्हा करून दाखवायला सांगितलं.

ही निओडिमियम घातलेली काच. हे मूलद्रव्य पिवळ्या प्रकाशाचा एक अरुंद पट्टा गिळतं. सूर्यप्रकाशात सगळे रंग सलग असतात, म्हणून बाकीचे मिळून काच जांभळी दिसते. ट्यूबलाइटमध्ये मोजकेच रंग तुटक तुटक असतात, म्हणून तिचा तोलच बदलतो. 1920 च्या दशकाच्या अखेरीस कार्लोव्ही व्हारीच्या मोझर कारखान्याने ही काच बाजारात आणली, आणि मग मण्यांतही ती आली.

माळ अखंड होती, मूळ कड्या, मूळ फासा. मैत्रीण म्हणाली असती, यातून तीन जोड कानातले होतील. होतील, पण मी ते करणार नाही. माझा नियम साधा आहे: जे अखंड आहे ते मोडायचं नाही, आणि ज्यावर कारागिराची खूण आहे ते तर मुळीच नाही. इंटरनेटवर आजकाल जुन्या ब्रोचेस कापून आरशाच्या चौकटीत चिकटवतात, आणि बघणारे कौतुक करतात. मला ते बघवत नाही. खड्याच्या मागे गोंद ओतला की वर्खही गेला आणि तो दागिना पुन्हा कधी गळ्यात यायची शक्यताही गेली. नवं रूप द्यायचं ते आधीच मोडलेल्याला, आणि तेही असं की उद्या कुणाला ते पुन्हा उसवून वेगळं करता यावं.

माळ घेतली. जशी आहे तशीच घालणार.

18 फेब्रुवारी, रविवार

ब्रोचचे तीन खडे बसवले. दुकानातून नवे पांढरे खडे आणून लावले तर ते जुन्यांच्या शेजारी फारच कोरे दिसतात, आणि निळ्याची छटा तर जुळतच नाही. म्हणून पूर्ण मोडलेल्या दागिन्यांतले खडे मापांप्रमाणे डब्यांत वेगळे ठेवलेले आहेत. मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजावं लागतं. कोंदण टूथपिकने साफ केलं, दोन भागांचा एपॉक्सी सुईच्या टोकावर जेमतेम घेतला, खडा मेणाच्या काडीने उचलून ठेवला आणि वरचे दाते पितळी पट्टीने हळूच दाबले. झटपट चिकटणारा डिंक इथे चालत नाही. त्याची वाफ काचेवर पांढरी धूसर बसते आणि मग निघत नाही.

डाग द्यायचं काम माझं नाही. खडे असलेल्या दागिन्याला आच लावली की काच तडकते. पिन तुटली असेल तर सगळे खडे काढून डाग द्यायचा, नाही तर सुईची नवी बैठक चिकटवायची. मी दुसरा मार्ग घेते.

24 फेब्रुवारी, शनिवार

आजचं काम सगळ्यांत मनासारखं झालं.

मोत्यांची माळ रेशमात गाठवतात, प्रत्येक मण्यामागे गाठ. आपले पटवेकरी हे काम पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. पण पैलूदार काचेच्या भोकाची कड करवतीसारखी चालते. रेशीम काही महिन्यांत कातरलं जातं, आणि पांढरी माळ तुटली ती यामुळेच. म्हणून अशा मण्यांना बारीक पोलादी तारांची, वर नायलॉनचा लेप असलेली दोरी घ्यायची, आणि दोन मण्यांच्या मध्ये काहीतरी मऊसर अंतर ठेवायचं, म्हणजे कडेला कड लागून टवके उडत नाहीत.

ते अंतर मी काळ्या पोतीने भरलं. मंगळसूत्रातली काळी पोत, गेल्या वेळी पुण्याच्या तुळशीबागेतून आणलेली लड. तीही काचच. एक पैलूदार मणी, दोन काळे, एक पैलूदार, दोन काळे. मधोमध सगळ्यांत मोठा मणी आणि दोन्ही बाजूंना उतरते. जुन्या माळेतले मणी आकाराने क्रमाने उतरत जातात, आणि तुटल्यावर तो क्रम ताटातच मोडतो. आधी तो लावावा लागतो. सगळे मणी ओळीने मांडून, एकेक दुसऱ्याशेजारी धरून, डोळ्याने. मापकाने हे होत नाही, कारण हाताने पैलू पाडलेला मणी कुठून मोजला त्यावर माप बदलतं. भिंगाखाली बघताना या मण्यांच्या धारा टोकाला अगदी एकत्र मिळालेल्या दिसत होत्या. भट्टीत पुन्हा तापवून गुळगुळीत केलेल्या स्वस्त मण्यांच्या धारा बोथट असतात. इथे तसं काही नव्हतं. कुणीतरी चाकासमोर बसून प्रत्येक पैलू वेगळा टेकवला होता.

जुना चेकोस्लोव्हाकियाचा फासा याच माळेचा असेल असं वाटून लावून पाहिला. भोकाची जाडी, पितळाचा रंग, सगळं जुळलं. आतली स्प्रिंग दमलेली होती. पट्टी चिमट्याने किंचित उघडली तेव्हा टक् आवाज करून बसला.

काळ्या पोतीमध्ये पांढरी काच आली की दोन्हींचं तेज वाढतं. जाऊबाईंना त्यांच्या पन्नाशीला देणार. त्या रोज गळ्यात काही घालत नाहीत, पण काळी पोत बघून घालतील.

9 मार्च, शनिवार

इथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणीची मुलगी आली होती, चौदा वर्षांची. तिला पाडव्याच्या कार्यक्रमाला नऊवारीवर कानातलं हवं आहे, “सगळ्यांसारखं नको.” माझ्याकडे 1950 च्या सुमाराची हिरव्या खड्यांची जोडी आहे, पण क्लिपची. त्या काळी इथल्या पुष्कळ बायका कान टोचून घेत नसत, म्हणून जुन्या दुकानांत क्लिपाच जास्त. आपल्याकडे तर बारशानंतर कधीतरी सोनाराकडे नेऊन कान टोचूनच टाकतात. त्यामुळे क्लिप हातात आली की आपल्या मुलींना ती कशी घालायची हे कळत नाही.

क्लिप कापून टाकायची नाही. तिच्या बिजागरीत अडकवायचा छोटा जोड मिळतो, पुढे टोचलेल्या कानात जाणारी काडी. दोन मिनिटांचं काम, आणि नको झालं की काढून टाकता येतं. काडी चांदीची घेतली. जुन्या मुलाम्याखाली निकेल असतं आणि पुष्कळांच्या कानाला ते सोसत नाही. युरोपात निकेलवर कायद्याने मर्यादा आली ती 1990 च्या दशकात. तिला एक गोष्ट मात्र बजावून सांगितली: हे मणी-खडे लहान भावाच्या तोंडात जाता कामा नयेत. जुन्या चमकदार काचेत शिसं असतं, तेजासाठीच घातलेलं. अंगावर घालायला हरकत नाही, चघळायला आहे.

एकुलत्या क्लिपचाही प्रश्न सुटला. ती आडवी, लांबट, पांढऱ्या खड्यांची. मागच्या चिमट्यात मलमलीची घडी शिवली आणि मुलीच्या अंबाड्याला कडेने लावून पाहिली. घट्ट बसली. मलमल नसती तर दात्यांनी केस ओढले असते. साडीच्या पदराला जुना ड्रेस-क्लिप लावतानाही हेच करायचं, नाही तर रेशमाचे धागे तुटतात.

23 मार्च, शनिवार

ओटलीच्या दुकानातल्या बाईंना काळ्या पोतीची माळ दाखवली. त्यांनी ती उजेडात धरून नीट पाहिली आणि मग आतल्या खोलीत नेलं. शेल्फवर दागिन्यांचे डबे रचलेले. न निवडलेले, तसेच वजनावर भंगारात जाणारे. त्यांच्याकडे निवडायला वेळ असलेलं माणूस नाही.

आठवड्याच्या शेवटी दोन तास येईन असं कबूल केलं. काच वेगळी, प्लास्टिक वेगळं. शिक्का असलेलं बाजूला. अखंड माळा कपाटात, आणि मोडलेल्यांच्या पिशव्या करताना एका माळेचे मणी एकाच पिशवीत राहतील हे बघायचं. एवढं केलं तरी घेणाऱ्याला माळ परत जोडता येते. माझ्यासाठी काही हवं असेल तर किंमत दुसरं कुणी लावेल, हेही ठरवून घेतलं. नाही तर निवडणाऱ्याच्या हातात निवाडाही जातो, आणि ते बरं नाही.

9 एप्रिल, मंगळवार. पाडवा

मुलीच्या आईने फोटो पाठवले. हिरवे खडे हिरव्या नऊवारीवर नाही, जांभळ्यावर घातले होते. तिची स्वतःची निवड, आणि माझ्यापेक्षा चांगली.

आत्याचा डबा भाच्याबरोबर आला. सतरा लोलक, त्यातले पाच टवके उडालेले. सहा धारांचे, टोकाला निमुळते, वर आधीच भोक पाडलेलं आणि त्यात जुनी पितळी तार. तारा झिजल्या आहेत, काच शाबूत. कानाला हे जड पडतील, पाळी ओघळेल. गळ्यात एकेकटा चांगला दिसेल. टवके उडालेले पाच खिडकीत टांगायला आत्याकडेच परत पाठवायचे, तिच्या ओसरीवर सकाळचं ऊन येतं. उरलेल्या बारांपैकी कोणते एका हाताचे आहेत ते आधी लावून बघायला हवं. दोन तरी वेगळ्या झुंबराचे वाटतात, त्यांच्या धारा बोथट आहेत.